पॅरलल कॉम्प्युटिंग आणि आपल्याकडचा पाऊस

पॅरलल कॉम्प्युटिंग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना इलेक्टिव्हचा पेपर आणि ॲमडाहलचं सूत्र एवढंच आठवतं. सूत्र पाठ केलं, मार्क खिशात, विषय संपला! पण जूनमध्ये घरून फोन आला की अभ्यासाच्या आधी ‘तिकडं पाऊस पडला का रे?’ असं विचारतात ना, त्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात याच विषयाच्या जोरावर काढलं जातं. मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन पेरलं आणि पुढं तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, की दुबार पेरणी आली. बियाणं, खत, मजुरी पुन्हा एकदा. नांदेड-लातूरकडच्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

अंदाज काढतात कसा? वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यातला दाब, वारा, तापमान, आर्द्रता घ्यायची, समीकरणं सोडवायची आणि काही मिनिटं पुढं सरकायचं. मग पुन्हा तेच, असं दहा दिवसांपर्यंत. लातूर ते नांदेड सरळ रेषेत साधारण ११५ किलोमीटर. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर दोन शहरांच्या मध्ये नऊ-दहा चौकोन बसतात, ६ किलोमीटरचा केला तर एकोणीस. पण चौकोनाची बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम जवळपास आठपट! आणि उद्याचा अंदाज परवा हातात आला तर त्याचा उपयोग काय? म्हणून काम वाटून घ्यायचं.

इथं आपली मेस आठवा. कणीक मळायला १० मिनिटं लागतात आणि ते काम एकाच परातीत, एकाच मावशीचं. पुढं लाटणं-भाजणं एकटीला ९० मिनिटांचं. तीन मावश्या बसल्या तर एकूण ४० मिनिटं, नऊ बसल्या तर २०. नव्वद बसवल्या तर ११ मिनिटं. दहाच्या खाली मात्र कधीच नाही, कारण मळण्याची वाटणी होत नाही. जीन ॲमडाहल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा हाच. शंभरातलं दहा टक्के काम एकट्यानंच करायचं असेल, तर हजार प्रोसेसर लावूनही वेग दहापट होत नाही, ९.९ पटीवर अडकतो. (नव्वद मावश्यांना बसायला जागा कुठली, हा प्रश्न वेगळा. तो मेमरीचा.)

याहून चिवट दुखणं आहे बांधाचं, आणि पुस्तकात ते घाईघाईत उरकलेलं असतं. वाटण्या झाल्या की शेतं लहान होतात आणि बांध वाढतात, हे भावकीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. पावसाच्या मॉडेलचंही तसंच. ढग नांदेडच्या चौकोनात येतो तो शेजारच्या चौकोनातूनच, म्हणून दर पावलाला शेजाऱ्याकडून आकडे मागून घ्यावे लागतात. एका प्रोसेसरकडे १०० × १०० चौकोन असतील तर दहा हजारांपैकी ३९६ कडेला, म्हणजे चार टक्के. वाटणी करून प्रत्येकाच्या वाट्याला १० × १० आले, तर शंभरातले ३६ कडेचे! आता प्रोसेसर गणित कमी करतो आणि निरोपांची वाट जास्त बघतो. पॅरलल मशीन बांधणाऱ्यांची खरी कसोटी या निरोपांत असते.

आपल्या राज्यातला इतिहासही हेच सांगतो. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवं होतं ते मोठं क्रे मशीन नाकारलं आणि हवामानाच्या कामासाठी लहान मॉडेल दिलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकर (अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे) यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात टी-८०० नावाचे ट्रान्सप्युटर होते. एकेक चिप काही फार बलवान नव्हती, पण प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक अंगच्याच होत्या. बांधाचा विचार चिपमध्येच केलेला! पुढं पुण्यातल्याच टाटांच्या सीआरएलचा ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या टॉप-५०० यादीत जगात चौथा आला.

आणि पाऊस? पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्यूष’ आला, ४ पेटाफ्लॉपचा. त्याच वर्षी जूनपासून १२ किलोमीटरच्या चौकोनावर २१ वेगवेगळ्या सुरुवातींनी अंदाज काढणं सुरू झालं. या २१ धावा एकमेकींशी बोलत नाहीत, त्यामुळं त्यांच्यात वाटणीचं भांडणच नाही, भांडण असतं ते प्रत्येक धावेच्या पोटात. २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ बसला. प्रत्यूषवर दहा तासांपर्यंत चालणारं काम तिथं चार तासांत होऊ लागलं आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तरी ६ × ६ म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. आपल्याकडं एका शिवारात पाऊस आणि शेजारच्या शिवारात ऊन असतं. तेव्हा ‘आमच्या रानात पडंल का?’ याचं पक्कं उत्तर त्यात नाही, आणि ते आहे असं कुणी सांगितलं तर मी तरी मान हलवणार नाही.

हे सगळं जिथं चर्चेला येतं ती ‘हायपीसी’ ही आंतरराष्ट्रीय परिषद. १९९० च्या दशकापासून ती भारतातच वेगवेगळ्या शहरांत, डिसेंबरात भरत आली आहे. २००५ आणि २००७ ला गोव्यात होती, २०१२ ला पुण्यात. म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर! विद्यार्थ्यांसाठी तिथं वेगळी रिसर्च सिम्पोजियमही होत आली आहे. ‘आपल्याकडं सुपरकॉम्प्युटर कुठंय’ ही सबब मला पटत नाही, कारण हातातल्या लॅपटॉपला चार-आठ कोर असतातच आणि ओपनएमपी, एमपीआय दोन्ही फुकट मिळतात.

तेव्हा सुट्टीत एवढं करून बघा. ५०० × ५०० चौकोनांचा एक पत्रा समजा, एका कडेला उष्णता द्या आणि प्रत्येक चौकोनाचं नवं तापमान म्हणजे चार शेजाऱ्यांची सरासरी, अशी हजार पावलं चालवा. आधी एका कोरवर, नीट लिहिलेल्या साध्या प्रोग्रामने. मग २, ४, ८ कोरवर. फाइल वाचायचा-लिहायचा वेळ वगळून आलेख सुंदर दिसतो, पण तो वगळू नका, कणीक तिथंच मळली जाते. नंतर तेच ५० × ५० वर करा. आठ कोरवर प्रोग्राम उलट हळू चालला, तर गणित किती वेळ चाललं आणि शेजाऱ्याची वाट बघण्यात किती गेला, हे दोन आकडे वेगवेगळे मोजून घेऊन लॅबमध्ये या.