संशोधन कुणावर झालं, हे आधी विचारा

दवाखान्यात हल्ली रक्ताच्या रिपोर्टाबरोबर मोबाइलही माझ्यापुढे धरला जातो. 'डॉक्टर, हे बघा, नवीन संशोधन आलंय.' तूप एका बातमीत तारणारं असतं, पुढच्याच बातमीत मारणारं. भाताचंही तेच. शेवटी वैतागून 'काहीही खा, सगळं खोटंच' म्हणणारेही भेटतात. तेही बरोबर नाही. संशोधन खोटं नसतं, बातमीपर्यंत येताना त्याच्या अटी गळून पडतात.

दहा हजार पावलांचंच घ्या. गुडघे दुखत असताना रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारून हा आकडा पुरा करणारे माझे कितीतरी पेशंट आहेत. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तो आकडा तिथून जगभर गेला. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या डॉ. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,७४१ स्त्रियांची पावलं यंत्र लावून मोजली. त्यांचं सरासरी वय होतं ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढेनासा झाला.

पण इथेही एक मेख आहे. मुळात आजारी असलेली बाई कमीच चालते. मग चालल्यामुळे आयुष्य वाढलं, की धडधाकट होत्या म्हणून त्या चालल्या? असं नुसतं निरीक्षण केलेल्या अभ्यासात हा गुंता हिशेब करून बराच सोडवता येतो, पूर्ण सुटत नाही. तरीही चालायला मी सांगतोच, कारण इतर अनेक अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतात आणि झेपेल तेवढं चालण्यात तोटा जवळपास नाही. सत्तरीच्या आजींनी साडेचार हजारांवर समाधान मानायला माझी हरकत नाही.

टक्केवारीनेही माणसं उगाच घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली सांगितलं, की सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार. पाश्चात्त्य देशांत आयुष्यभरात शंभरातल्या सुमारे पाच जणांना हा आजार होतो, त्या पाचाचे सहाच्या आसपास होतात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे तर या कर्करोगाचं प्रमाण मुळातच त्याहून कमी आहे. तेव्हा टक्के दिसले की 'कशाचे?' असं विचारा.

आता महाराष्ट्राचा लाडका वाद. दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? या विषयावर घराघरांत तट पडलेले मी पाहिले आहेत. प्रागमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेच रुग्ण १२ आठवडे दोन जेवणांवर आणि १२ आठवडे सहा लहान जेवणांवर होते. दोन जेवणांच्या काळात वजन जास्त उतरलं, ३.७ किलो विरुद्ध २.३ किलो. दोनदा जेवणाऱ्यांचा विजय? जरा थांबा. ती दोन जेवणं म्हणजे सकाळची भरपेट न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवण नव्हतंच! शिवाय दोन्ही प्रकारांत रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी दिल्या होत्या. म्हणजे मोजून मापून जेवूनही दोन प्रकारांत फरक पडला तो दीडेक किलोचा. आपल्याकडे सकाळी नुसता चहा घेऊन दुपारी दोनला आणि रात्री साडेदहाला जेवणारे याच अभ्यासाचा दाखला देतात. त्यांचा आणि या अभ्यासाचा संबंध नाही.

आणि अभ्यास प्रागच्या लोकांवर झाला, पुण्याच्या नव्हे, हेही विसरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, तक्त्यानुसार दोघे उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असते आणि मधुमेह तिच्यामागून येतो. म्हणून आपल्याकडे जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात. वजनकाट्याइतकंच मापाच्या टेपेकडे लक्ष द्या: कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

गंमत म्हणजे ज्या गोष्टी वर्षानुवर्षं टिकून आहेत, त्यांची बातमी होत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, ताटात डाळी आणि भाज्या जास्त. जोर-बैठकांनाही ताकदीचा व्यायामच म्हणतात, त्यासाठी जिमची फी भरावी लागत नाही. पापड-लोणच्यातलं मीठही त्या पाच ग्रॅममध्येच धरायचं, हे मात्र कुणालाच आवडत नाही.

एक विनंती आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर बातमी वाचून जेवण गाळू नका. साखर एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. जेवणाच्या वेळा बदलायच्याच असतील तर आधी डॉक्टरांना भेटा आणि औषधाचा डोस त्यांच्याकडून बदलून घ्या.