चारही कोपरे टेकणारा निळा कागद
मढच्या दमट हवेत प्रकाशसंवेदी कागद घरी तयार करण्याची कृती

जुन्या वाड्यांतून एकोणिसाव्या शतकातले फोटो निघतात ते बहुधा जाड पुठ्ठ्यावर डकवलेले असतात. तो नुसता थाट नव्हता. तेव्हाचा अल्ब्युमेन कागद अतिशय पातळ असे आणि अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर त्याच्या एकाच अंगाला दिलेला असे. थर सुकला की आकसायचा आणि फोटोची सुरळी व्हायची. पुठ्ठ्याला चिकटवल्याशिवाय तो सरळ राहतच नसे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या पिढीला कागद संवेदी करण्याचं काम स्वतःच करावं लागे, त्यामुळे ही सुरळी त्यांच्या रोजच्या परिचयाची.

पुढे कारखान्यांनी यावर उपाय काढला, तो साधाच होता: पुढे थर दिला तर मागेही द्यायचा. कित्येक फिल्मांच्या पाठीला जिलेटिनचा दुसरा थर असतो तो यासाठीच. १९७०च्या दशकात स्टुडिओंमध्ये रुळलेल्या प्लास्टिकच्या फोटोकागदालाही दोन्ही अंगांनी पॉलिथिन असतं. भारत सरकारने १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला, तो उटीसारख्या थंड हवेच्या गावी. मुंबईतल्या मढला ती सोय नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी, आणि जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी. अशा जागी कागद सपाट ठेवायचा तर कारखान्याचं तेच तत्त्व प्रत्येक पायरीवर पाळावं लागतं. जे पुढे कराल ते मागेही करा. नंतर कितीही वजन ठेवलं तरी ही कसर भरून निघत नाही.

चांदीच्या क्षारांचा ब्रोमाइड पेपर घरी करणं खर्चिक आणि कटकटीचं आहे. म्हणून इथे सायनोटाइपची कृती दिली आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी तिच्यावर समुद्रशैवालाच्या निळ्या ठशांचं पुस्तक काढायला घेतलं. फोटोंनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. इंजिनिअरांच्या कचेऱ्यांतली ब्लूप्रिंट ती हीच.

साहित्य (ए-फोर आकाराच्या ६ कागदांसाठी)

- २४० ते ३०० जीएसएमचा सुती कागद, ६ ताव
- जिलेटिन ३० ग्रॅम, तुरटी १ ग्रॅम
- फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम
- पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर, सुमारे दीड लिटर
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, चिमूटभर
- दोन रुंद ब्रश, धातूची पट्टी नसलेले
- तपकिरी काचेच्या दोन बाटल्या, प्लास्टिकचे ट्रे, सुई नसलेली सिरिंज
- टीपकागद, जुनी स्वच्छ मलमल, दोन प्लायवुडच्या फळ्या
- हातमोजे, मास्क, झिरोचा पिवळा बल्ब

रसायनं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारात मिळतात. स्वयंपाकाचं एकही भांडं या कामाला वापरू नका आणि वापरलेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. फेरिसायनाइड तापवायचं नाही, त्यात तीव्र आम्ल घालायचं नाही. तसं केल्यास विषारी वायू सुटतो. लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी चालतं.

१. कागद निवडा

यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू एकाच दिशेने निजलेले असतात. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. पाणी लागलं की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून यंत्राचा कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि ग्रेनला धरून वळतो. हातकागदात तंतू सगळ्या दिशांनी विखुरलेले असल्याने ओढ सगळीकडे सारखी बसते. महाराष्ट्राला हातकागदाची परंपरा जुनी आहे: जुन्नरी आणि दौलताबादी कागद पेशवाईच्या दप्तरांत सापडतो, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४०पासून चालू आहे. सुती लगद्याचा, गुळगुळीत हातकागद या कामाला उत्तम.

घेण्याआधी कागदाच्या एका कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर त्यात खडू आहे. खडू अल्कधर्मी असतो आणि अल्क हा या निळ्या रंगाचा वैरी आहे. तो कागद परत ठेवा.

प्रत्येक तावाच्या मागे पेन्सिलीने खूण करा. ओला झाल्यावर पुढचं-मागचं ओळखू येत नाही.

२. दोन्ही अंगांना जिलेटिन द्या

कोरा कागद द्रावण आत शोषून घेतो आणि चित्र फिकट, दबलेलं येतं. जिलेटिनमुळे द्रावण पृष्ठभागावर राहतं. इथेच सपाटपणाचा पायाही घातला जातो.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन गार असतानाच घाला आणि अर्धा तास फुगू द्या. मग भांडं गरम पाण्यात ठेवून ५० ते ५५ अंशांपर्यंत तापवा. उकळी येता कामा नये, नाहीतर त्याचा चिकटपणा जातो. शेवटी कोमट पाण्यात विरघळवलेली तुरटी ढवळत घाला. तुरटीने थर थोडा पक्का होतो.

मिश्रण ट्रेमध्ये ओता. ताव कडेने अलगद सरकवून पूर्ण बुडवा. मागे-पुढे हलवून बुडबुडे काढा आणि ३ मिनिटांनी बाहेर घ्या. ब्रशने एका बाजूला लावायचा मोह टाळा, बुडवण्याचा सगळा हेतूच दोन्ही अंगांना सारखा थर मिळावा हा आहे. ट्रेच्या काठावरून दोन्ही बाजू निथळून चिमट्यांनी टांगा. १० मिनिटांनी ताव उलटा करून खालची कड वर घ्या, म्हणजे खालच्या कडेला जिलेटिनची झालर जमणार नाही.

जिलेटिन प्राणिज असतं. ते नको असेल तर २० ग्रॅम आरारूट एक लिटर पाण्यात शिजवून त्याची पातळ पेज वापरा. आपल्याकडचे कागदीही तांदळाची खळ देऊन कागद घोटत असत. पेजेचा थर जिलेटिनपेक्षा कमी ओढतो, पण चित्राची धार जरा मऊ येते.

३. सुकवा, पण गच्चीवर नको

मढ कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील ज्या वाऱ्यात सुकतात, तो वारा कागदाला चालत नाही. त्यात मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि कागद कधीच पुरता सुकत नाही. खिडक्या लावून खोलीत सुकवा. पंख्याचा झोत थेट तावावर नको, भिंतीवर सोडा. एसी असल्यास ड्राय मोडवर ठेवा.

पापड वरून सुकला की कडा उचलतो, म्हणून बायका तो वेळेवर परततात; हा कागदही तसाच दर अर्ध्या तासाने परता. पूर्ण सुकल्यावर तावांची चळत करून दोन फळ्यांमध्ये रात्रभर दाबा.

४. द्रावणं तयार करा

मास्क आणि हातमोजे घाला. पहिल्या बाटलीत थोडं पाणी घेऊन फेरिक अमोनियम सायट्रेट विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर भरेल इतकं पाणी घाला. दुसऱ्या बाटलीत तसंच १० ग्रॅम फेरिसायनाइड. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, किनाऱ्याकडच्या बोअरला अनेकदा खारटपणा असतो. दोन्ही बाटल्यांवर नाव, तारीख आणि ‘विष’ असं ठळक लिहा. सायट्रेटच्या बाटलीत आपल्या हवेत बुरशी धरते. ती टीपकागदातून गाळून घेतली की द्रावण वापरता येतं.

५. कागद संवेदी करा

खोलीत झिरोचा पिवळा बल्ब पुरे. ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले. दोन्ही द्रावणं समसमान घ्या, म्हणजे प्रत्येकी १० मिलिलिटर. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

ताव फळीवर ठेवा. सिरिंजने ३ मिलिलिटर मिश्रण तावाच्या मधोमध ओघळू द्या. ब्रश आधी ओला करून झटकून घ्या, नाहीतर तोच अर्धं द्रावण पिऊन टाकेल. आडवे हात फिरवा, मग उभे, आणि हात उचलत शेवट करा. थर पिवळसर हिरवा आणि एकसारखा दिसला पाहिजे. ब्रशला लोखंडी पट्टी असेल तर निळे ठिपके पडतात.

आता बहुतेकजण जे विसरतात ते करा. ताव उलटा करून मागच्या बाजूला दुसऱ्या स्वच्छ ब्रशने साधं डिस्टिल्ड पाणी फिरवा, तेवढंच, ३ मिलिलिटर. पुढचे तंतू फुगले आणि मागचे कोरडे राहिले तर वळण इथेच पडतं. मागचं पाणी कडेवरून पुढे येऊ देऊ नका. अंधारात टांगा. तास-दीड तासात सुकतो.

६. लगेच वापरा

संवेदी कागद दमट हवेत आपोआप निळसर होऊ लागतो. मढला तो त्याच दिवशी वापरलेला बरा. ठेवायचाच तर काळ्या पिशवीत घालून सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात, आणि तोही दोन-तीन दिवसच. डब्यातून काढल्यावर लगेच उन्हात नेऊ नका, अर्धा तास अंधाऱ्या खोलीत राहू द्या. अतिकोरडा कागद एकदम दमट हवेत आला की काचेखालीच लाटा धरतो.

७. ऊन द्या

चित्रासाठी निगेटिव्ह वापरा किंवा ॲटकिन्सबाईंप्रमाणे शैवाल. ओहोटीला मढच्या खडकांवर हिरवं, पातळ पापुद्र्याचं शैवाल सापडतं. त्यातून उजेड झिरपतो, म्हणून ठशात निळ्याच्या अनेक छटा येतात. सुटून पडलेले तुकडेच घ्या आणि पाण्यात उतरू नका. अक्सा ते मढ हा किनारा जीवघेण्या ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे. शैवाल गोड्या पाण्यात धुऊन, टीपकागदात दाबून पुरतं सुकवा. ओलं राहिलं तर त्यातलं मीठ कागदावर डाग पाडतं.

फळी, ताव, शैवाल, वर काच, चारी बाजूंना चिमटे. हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात ८ ते १५ मिनिटं लागतात. नेमका वेळ आधी एका पट्टीवर पाहून ठरवा. अतिनील किरणांनी सायट्रेटमधलं लोह बदलतं आणि फेरिसायनाइडशी मिळून पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा तयार होतो. उघडा भाग हिरव्याचा निळा, मग राखाडी होऊन त्यावर तांबूस झाक आली की आत न्या.

८. धुवा

पहिल्या पाण्यात लिंबूसत्त्वाची चिमूट घाला. मग साधं पाणी दोन-तीनदा बदला, एकूण १० ते १५ मिनिटं. पिवळेपणा पूर्ण गेला पाहिजे. राहिला तर पुढे उजेडात डाग पडतात. ताव पूर्ण बुडलेला हवा, नळाची धार एका अंगावर सोडू नका. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी इतकं तापतं की जिलेटिन सैल पडून बोटाला लागू लागतं. तेव्हा ट्रेमध्ये बर्फाचे खडे टाका आणि पाणी २५ अंशांच्या खाली ठेवा.

९. शेवटची सुकवणी

दोन कोपरे धरून ताव उचला, निथळा आणि दोन्ही बाजू टीपकागदाने टिपा. टांगून ठेवा. हाताला नुसता गार लागेल पण पाणी लागणार नाही, ही वेळ साधायची. त्याआधी दाबला तर जिलेटिन चिकटतं, उशीर झाला तर वळण पक्कं होतं.

चळत अशी लावा: फळी, टीपकागद, मलमल, ताव, मलमल, टीपकागद, फळी. वर घरातला पाटा किंवा ७-८ किलोंचं वजन. पहिल्या तासाला टीपकागद बदला, मग संध्याकाळी, मग दुसऱ्या दिवशी. दमट दिवसांत ओला झालेला टीपकागद तसाच राहिला तर बुरशीचे ठिपके येतात. दोन दिवस दाबात राहू द्या. निळा रंगही तोवर हवा लागून पुरता गडद होतो.

वळलाच तर

कडा चित्राच्या बाजूला उचलल्या असतील तर पुढचा थर जास्त आकसला आहे. मागून ओलसर मलमल फिरवा आणि पुन्हा दाबा. कडा मागे वळत असतील तर हवा फार दमट आहे. कोरडा दिवस पाहून पुन्हा सुकवा. मध्ये फुगा आणि कडा टेकलेल्या असतील तर कडा आधी सुकल्या. पुढच्या वेळी पंखा लांब ठेवा. इस्त्री फिरवू नका. तेवढ्यापुरता कागद सरळ होतो, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त वळतो.

फ्रेम करताना चारही कडा गोंदाने डकवू नका. वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरी पुरे. हवामानाबरोबर पसरायला-आकसायला कागदाला जागा हवी. काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घाला, फ्रेमची पाठ टेपने बंद करा आणि समुद्राकडच्या भिंतीवर टांगू नका. उन्हाने निळा थोडा उतरला तर फ्रेम काही दिवस अंधारात ठेवा, रंग बराचसा परत येतो.

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ऊन चांगलं आणि हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. तयार ताव टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहा आणि तीच परीक्षा पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा घ्या. मढला एक पावसाळा काढूनही जो कागद टेकून राहिला, तोच खरा जमला.