हूक नेमका अडतो कोठे?

संगणकाची आज्ञावली लिहिणे हे आता एकट्यादुकट्याचे काम राहिलेले नाही. अनेकांचे हात लागत असल्याने कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली हे काम करते. गावदप्तरातील फेरफार नोंदवहीशी तिची तुलना करता येईल. मात्र या वहीत नोंद होण्यापूर्वी किंवा झाल्यानंतर ठरावीक कामे आपोआप करवून घेण्याचीही सोय आहे. त्यासाठी लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीस ‘हूक’ म्हणतात.

‘प्री-कमिट’ हा हूक नोंदीपूर्वी चालतो. परवलीचा शब्द चुकून मजकुरात राहिला असल्यास त्याने शून्याखेरीज अन्य संकेतांक परत करावा, म्हणजे नोंद रोखली जाते. ‘पोस्ट-रिसीव्ह’ हा हूक सर्व्हरवर, बदल स्वीकारला गेल्यानंतर चालतो. साहजिकच त्याला काहीही रोखता येत नाही.

हूक मुळीच चालत नसेल तर कारणे बहुधा साधी असतात. नमुन्याच्या धारिकेच्या नावापुढील ‘सॅम्पल’ हे शेपूट तसेच राहिलेले असते, धारिकेस चालविण्याची परवानगी दिलेली नसते, किंवा विंडोजवर लिहिल्यामुळे ओळींच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह येऊन पहिल्याच ओळीतील दुभाष्याचे नाव बिघडते. शिवाय भांडाराची प्रत घेताना हूक सोबत येत नाहीत, याचा विसर जाणत्यांनाही पडतो. हूकांसाठी वेगळा सामाईक फोल्डर नेमण्याची सोय २०१६ साली झाली. पण तीही प्रत्येकाने आपापल्या संगणकावर लागू करावी लागते. प्री-कमिट तपासणी एका पर्यायाने टाळताही येते. म्हणून महत्त्वाची तपासणी सर्व्हरवर, ‘प्री-रिसीव्ह’ हूकामध्ये असणेच इष्ट.

खरी पंचाईत होते ती हूक चालूनही काम न झाल्यास. समजा, एखाद्या कार्यालयाने अर्जाची मुदत वाढविली. सुधारित सूचना सर्व्हरवर पाठविली गेली, ती स्वीकारल्याचेही दिसले. संकेतस्थळावर मात्र जुनीच तारीख राहिली. मुदत संपली असे समजून अर्जदार परत गेले, तर त्याची भरपाई कशाने होणार?

अशा वेळी पोस्ट-रिसीव्ह हूक पाहावा. तो संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये जाऊन तेथे नवा मजकूर ओढून घेण्याची आज्ञा देतो. हीच आज्ञा हाताने दिली असता बिनतक्रार चालते, आणि तेथेच तपासणारा फसतो. हूक चालविताना गिट ‘गिट-डिर’ नावाच्या चलात भांडाराचा पत्ता ठेवते. सर्व्हरवर हा पत्ता बहुधा केवळ एक टिंब, म्हणजे ‘आहे तोच फोल्डर’, असा असतो. हूकाने फोल्डर बदलला की त्या टिंबाचा अर्थही बदलतो आणि हे गिटचे भांडार नव्हे, अशी तक्रार येते. हाताने आज्ञा देताना हे चल नसतेच. फोल्डर बदलल्यावर, पुढील आज्ञेपूर्वी, हे चल रद्द करणारी एक ओळ घातली की अडचण दूर होते.

ही तक्रार पाठविणाऱ्याच्या पडद्यावर ‘रिमोट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत उमटलेली असते. पण ती वाचतो कोण? त्यातच पुष्कळ हूकांच्या शेवटी ‘संकेतस्थळ अद्ययावत झाले’ असे छापण्याची आज्ञा असते. आधीची आज्ञा फसली तरी शेल पुढे जातेच, आणि हे खोटे आश्वासन छापून मोकळी होते. कोणतीही आज्ञा फसताच थांबण्याची सूचना, ‘सेट’ या शब्दापुढे ‘वजा ई’ लिहून, आरंभीच दिलेली बरी.

एवढे करूनही काम अडले, तर हूक कोणत्या वापरकर्त्याच्या नावे चालतो आणि त्यास संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा आहे काय, हे पाहावे. त्या वापरकर्त्याच्या परिसरात कार्यक्रम शोधण्याचे मार्गही पुष्कळदा मोजकेच असतात. तेव्हा कार्यक्रमांचे पूर्ण पत्ते लिहावेत आणि हूकाचे सर्व निवेदन तारीखवेळेसह एका धारिकेत साठवावे.