सहीतील नाव

संगणकाने कोणते काम कसे करावे, याच्या सूचना प्रोग्रामर लिहितो. त्यास तर्कशुद्ध बुद्धी लागते. ती पुरुषाची की स्त्रीची, हे यंत्र विचारीत नाही; माणसे मात्र विचारीत.

स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर प्रोग्रामिंगची कंपनी काढली. काम मागण्यासाठी त्यांनी पुष्कळ पत्रे धाडली. परंतु उत्तर येईना. तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्या ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करू लागल्या. मग मात्र भेटीची बोलावणी आली! ‘स्टीव्ह’ ही स्त्री आहे हे उमगेपर्यंत बाई आत येऊन हस्तांदोलन करीत असत.

संसारासाठी नोकरी सोडावी लागलेल्या कुशल स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिले. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग याच कंपनीने केले.

१९७५ साली ब्रिटनमध्ये नोकरीतील स्त्री-पुरुष भेदास कायद्याने बंदी झाली. आता पुरुषांच्या अर्जांनाही समान संधी देणे शर्लीबाईंना भाग पडले. ते न्याय्यच होते. कारण अर्जावरील नावापेक्षा अर्जदाराची योग्यता मोठी असते.

स्वाध्याय : शर्लीबाईंनी सहीतील नाव का बदलले?