उठावाची अक्षरे

दोनच ॲक्रिलिक पट्ट्या होत्या. पहिलीवर सुमनने चिकट शाईने आजीचे नाव उमटविले, त्यावर वितळून उठाव देणारी भुकटी पसरली आणि वडिलांच्या देखत उष्ण हवेचे यंत्र अगदी जवळ धरले. भुकटी वितळली; पण पट्टीही वाकली! ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. यंत्राची हवा त्याहून कितीतरी तप्त असते. कागद तेवढी धग सोसतो.

भुकटीचा थर पातळ, तो चटकन तापतो. पट्टी जाड, तिला वेळ लागतो. सुमनने ही सवड साधली. यंत्र आधीच तापवून अर्ध्या वितीवरून सतत फिरते ठेविले. भुकटी चकाकताच बाजूस नेले. पट्टी निवेपर्यंत हात आवरणे मात्र फार कठीण गेले. अखेर अक्षरे उठली, पट्टी सरळच होती.