गाजरगवताचे नियंत्रण : खर्च एकाचा, लाभ सर्वांचा

१९५५ मध्ये भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. त्याच वर्षी पुण्यात गाजरगवत आढळल्याची नोंद झाली. भिलाईत कारखान्यासोबत नियोजनबद्ध सेक्टरांची नगरी उभी राहिली. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे तण मात्र कोणत्याही नियोजनाविना देशभर पसरले. ‘पी. एल. ४८०’ च्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील असल्याने विद्यार्थ्यांनी हे विधान जपून करावे.

ओळख : या रुंदपानी तणाची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. कोवळे रोप जमिनीलगत पसरते, नंतर केसाळ खोड उंच वाढून त्यावर बारीक पांढरी फुले येतात. एक झाड हजारो हलक्या बिया निर्माण करते. वारा, पाणी व वाहने यांमार्फत त्या पसरतात. या तणामुळे त्वचादाह व दम्याचा त्रास होऊ शकतो.

नियंत्रण : पावसाने जमीन मऊ झाल्यावर, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून रोप मुळासकट उपटणे हा घरगुती बागेसाठी उत्तम उपाय होय. २,४-डी हे तणनाशक रुंदपानी तणे मारते व हिरवळीचे गवत राखते. मात्र त्याचे तुषार शेजारच्या फुलझाडांना व भाज्यांना घातक ठरतात. ग्लायफोसेट हिरवळही जाळते. पडीक जागेत तरोटा पेरल्यास तो गाजरगवताला वाढू देत नाही. याखेरीज मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे भारतात १९८४ पासून सोडण्यात आले. ते पावसाळ्यात या तणाची पाने खातात.

आर्थिक बाजू : समजा, सेक्टर ६ मधील एका रहिवाशाने आपले अंगण स्वच्छ केले, पण शेजारच्या रिकाम्या जागेतील तण फुलले. पुढील पावसात त्याचे श्रम वाया जातात. शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत येथे दुसराच मोजतो. अर्थशास्त्रात यास ऋण बाह्यता म्हणतात. उलटपक्षी, तण काढणाऱ्याचा लाभ न काढणाऱ्यासही मिळतो. म्हणून प्रत्येक जण इतरांची वाट पाहतो. रस्त्याकडेच्या व मोकळ्या जागांना तर कोणी वालीच नसतो. त्यामुळे घरोघरीच्या सुट्या प्रयत्नांपेक्षा रहिवासी व नगर प्रशासन यांनी एकाच आठवड्यात, फुलोऱ्यापूर्वी, संपूर्ण सेक्टरमध्ये राबविलेली मोहीम अधिक परिणामकारक ठरते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह आयोजित करते, त्यामागील तर्कही हाच आहे.