सालीखालचा अन्नमार्ग

झाड मुळांवाटे पाणी घेतें, हें आपण लहानपणींच शिकतों. परंतु मुळें स्वतः कशावर जगतात? मातींतून त्यांस पाणी व क्षार मिळतात. साखर करण्याचें काम सूर्यप्रकाशांत हिरवीं पानें करितात, आणि मुळें तर अंधारांत असतात. तेव्हां पानांतील अन्न मुळांपर्यंत नेणारी कांहीं व्यवस्था असलीच पाहिजे.

इटलीचे शास्त्रज्ञ मार्सेलो मालपिघी यांनीं सतराव्या शतकांत खोडाभोंवतालची साल कड्यासारखी काढून पाहिली. असें केल्यानें पानें लगेच सुकत नाहींत. कारण पाणी आंतल्या लाकडांतून वर चढतें. मात्र कड्याच्या वरची बाजू हळूहळू फुगते, कारण वरून येणारें अन्न तेथें अडतें. लाकडांतील नळ्यांस जलवाहिन्या व सालीच्या आंतल्या अंगास असणाऱ्या नळ्यांस रसवाहिन्या म्हणतात. रसवाहिनी ही एकापुढें एक जोडलेल्या लांबट, जिवंत पेशींची बनलेली असून मधल्या पडद्यांस चाळणीप्रमाणें भोकें असतात. हीं भोकें जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनीं १८३७ सालीं प्रथम दाखविलीं.

आतां रस वाहतो कसा? १९३० सालीं अर्न्स्ट म्युंच यांनीं मांडलेली उपपत्ति आज सामान्यतः ग्राह्य धरितात. पानाजवळील रसवाहिनींत साखर भरली जाते. रस दाट झाला कीं शेजारच्या जलवाहिनींतील पाणी परासरणानें आंत शिरतें व दाब वाढतो. मुळांत, कंदांत किंवा फळांत ती साखर काढून घेतली जाते. मग तेथील पाणी बाहेर पडतें व दाब उतरतो. अधिक दाबाकडून कमी दाबाकडे रस ताशीं सुमारें एक मीटर वेगानें वाहतो. म्हणून हा प्रवाह नेहमीं खालींच जातो असें नाहीं. जेथें अन्नाची गरज, तेथें तो जातो. आपल्या शेतांतील सोयाबीनच्या शेंगा व हळदीचे कंद याच मार्गानें भरतात.

आमच्या वाशिम जिल्ह्यांत मंगरूळपीर भागांतील संत्र्यांच्या बागाइतदारांस डिंक्या रोग परिचित आहे. बुंध्याशीं पाणी सांचून राहिलें कीं रोगजंतु सालींत शिरतात, डिंक गळतो, साल कुजते. कुजलेली साल बुंध्याभोंवतीं पूर्ण फिरली, तर मुळें उपाशी पडतात व कित्येक वर्षांच्या मेहनतीचें झाड वाळतें. म्हणूनच पाणी बुंध्यास लागूं न देणारें दुहेरी आळें करावें व बुंध्यास बोर्डो मलम लावावें, असें सांगतात.

याच नियमाचा सदुपयोग म्हणजे गुटी कलम. डाळिंबाच्या फांदीची साल बोटभर रुंदीची गोल काढून तेथें ओलें शेवाळ बांधलें, तर अडलेल्या अन्नावर कापाच्या वरच्या कडेस नवीं मुळें फुटतात. पावसाळ्यांत वडील मंडळींच्या साहाय्यानें हा प्रयोग प्रत्येकानें करून पाहावा.

कपडे वाळविण्यासाठीं कडुनिंबास तार आवळणारे पुष्कळ दिसतात. खोड वर्षानुवर्षें जाड होतें, तार वाढत नाहीं. ती सालींत रुतून मुळांचा घांस तोडते. चाकूनें सालीवर नांव कोरणाराही तेंच थोड्या प्रमाणांत करतो. अशी तार घराशीं असेल तर आजच सोडावी. पान आपलें अन्न आपल्यापाशींच राखीत नाहीं. न दिसणाऱ्या मुळास तें पोसतें, व मूळ त्यास पाणी देतें. निर्मात्यानें घालून दिलेली ही देवघेव आपल्या हातून तुटूं नये.